पंगतीला बसणाऱ्या पाहुण्यांनी काय पाळावं? (लग्न अंबाजोगाईकडं, वऱ्हाड पुण्याचं)

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. मे महिन्यात अंबाजोगाई तालुक्यात मुलीकडच्या दारात लग्न आहे. जेवण मांडवात, खाली बसून, पंगतीनं. एकूण माणूस ९०० धरलाय, एका पंगतीला १५०. वऱ्हाडात पुण्याचे ऐंशी-नव्वद जण आहेत आणि त्यातली तरुण मंडळी पंगतीला कधी बसलेली नाहीत. दुसऱ्या दिवशी छत्रपती संभाजीनगरात रिसेप्शन, तिथं बुफे.

सगळ्यांना व्हॉट्सॅपवर आधीच काहीतरी लिहून पाठवायचं आहे. जेवायला कधी सुरुवात करायची, नको कसं म्हणायचं, कधी उठायचं, पत्रावळ कुणी उचलायची, हे सांगा. कारणासकट सांगा, नुसते नियम पाठवले तर कुणी पाळत नाही.

वाढपी_केज
तुमच्याच आकड्यांपासून सुरू करतो. ९०० माणूस, १५० ची पंगत, म्हणजे ६ पंगती. बसणं, वाढणं, जेवणं, पत्रावळी उचलून जागा झाडणं सगळं धरून एका पंगतीला अर्धा तास लागतो. सगळं सुरळीत झालं तरी ३ तास गेले. प्रत्येक पंगतीनं १० मिनिटं जास्तीची खाल्ली तर शेवटची पंगत उठायला तासभर उशीर. आणि शेवटच्या पंगतीला असतात घरच्या बाया, वाढणारी पोरं, भांडी घासणारी माणसं. सकाळपासून उपाशी असलेली तीच. म्हणून पाहुण्यांना एवढं एकच नीट समजावून सांगा: पंगतीतली रीत ही वाढप्याची फेरी मोडू नये म्हणून आहे. बाकीचं त्यातून आपोआप कळतं.

बसताना टोकापासून सलग बसत जायचं, मधे जागा सोडायची नाही. मित्रासाठी रुमाल टाकून जागा धरली की पान मांडायचं की नाही ते पोरांना कळत नाही, आणि मांडलं तर माणूस नसलेल्या पानावर भात पडतो. आठ-दहा जणांना शेजारीशेजारी बसायचं असेल तर सगळे गोळा झाल्यावरच मांडवात शिरा. चपला-बूट बसायच्या पट्टीपासून लांब काढा. दोन ओळींच्या मधली चार-पाच फूट वाट वाढप्याची असते, तिच्यात पाय पसरायचे नाहीत, पर्स-पिशवी ठेवायची नाही. त्याच वाटेनं उकळत्या वरणाची बादली घेऊन पोरगं पळत असतं. कुणाच्या पानावरून ओलांडायचं नाही, जायचं असेल तर ओळीच्या पाठीमागून जायचं. ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांची नावं यजमानांना आदल्या दिवशीच कळवा, म्हणजे टेबल-खुर्ची आधीच एका कडेला लागते. बसल्यावर खुर्ची मागितली की अख्खी ओळ हलवावी लागते.

वाढायचा क्रम साधारण असा: पत्रावळ, द्रोण, पाणी. मग मीठ, लोणचं किंवा चटणी, भाजी. त्यामागं बुंदी (नुक्ती म्हणतात तीच), पुरी, भजी, मग भात आणि वरण. काही गावांत भात-वरण आधी पडतं. मठ्ठा शेवटी. एकेक पदार्थ घेऊन एकेक पोरगं फिरतं आणि १५० पानांवर मिठापासून वरणापर्यंत पहिली फेरी व्हायला ७-८ मिनिटं लागतात. तेवढा वेळ पानाला हात लावायचा नाही. का, तर पहिल्या टोकाच्या माणसानं पुरी-भाजी सुरू केली की वरण यायच्या आत त्याची पुरी संपते, तो हाक मारतो, पुरीवाला माघारी फिरतो, आणि दुसऱ्या टोकाला अजून पहिली पुरी पोचलेली नसते. श्लोक होतो, ‘हर हर महादेव’ होतं, किंवा यजमानांपैकी कुणी हात जोडून ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतं. त्यानंतर पहिला घास. काही जण पानाभोवती पाणी फिरवून बाजूला चार शितं ठेवतात, ती चित्राहुती. तुमच्या घरी नसेल तर करायची गरज नाही, शेजाऱ्याची होईस्तोवर थांबा म्हणजे झालं.

आता नको म्हणणं. सगळ्यात जास्त अन्न इथं वाया जातं. वाढपी दोन पानं अलीकडं असतानाच तळहात पानावर वीतभर उंच आडवा धरायचा आणि तोंडानं ‘पुरे’, ‘अर्धी’, ‘चमचाभर’ जे असेल ते बोलायचं. बादलीतून पळी भरून पानाशी आली की उशीर झाला. तेव्हा हात मधे घातला तर वरणानं हात भाजतो, नाहीतर खरकट्या हाताला लागलेली पळी तशीच परत बादलीत जाते आणि पुढच्या सगळ्यांच्या पानात तेच उष्टं. आमटी किंवा मठ्ठा नकोच असेल तर रिकामा द्रोण पालथा घालून ठेवा, लांबूनच कळतं.

पहिल्या फेरीत कमी घ्या. पुरीवाला तीनदा तरी येतो, भात-बुंदी दोनदा येतेच.

भाताचं एक नीट शिकवा, कारण शहरातल्या मंडळींचं इथं हमखास चुकतं. भात पडला की ढिगाच्या मधोमध चार बोटांनी खळगा करायचा, कडा बोटभर जाड ठेवायची. हे आळं. वरण त्या आळ्यात घ्यायचं आणि खळगा निम्मा भरला की ‘बस’ म्हणायचं. काठोकाठ घेतलं तर पहिल्या घासाला हात घालताच कड फुटते. सपाट भातावर वरण घेतलं की ते पत्रावळीच्या सांध्यातून खाली झिरपतं आणि पट्टीवरून थेट कपड्यांवर येतं. खाताना आतल्या बाजूनं थोडा थोडा भात ओढून कालवायचा, पलीकडची कड शेवटपर्यंत शाबूत ठेवायची.

उठायचं ते ओळीबरोबर. मठ्ठा फिरून झाला, वाढपी रिकाम्या हातानं ‘कुणाला काही?’ विचारत गेला, की उठायची वेळ झाली. आधी उठणाऱ्याची धूळ शेजारच्याच्या पानात जाते आणि एक उठला की चार जण अर्धं पोट ठेवून उठतात. म्हाताऱ्या माणसाशेजारी बसलात तर जेवण असं सावकाश करा की तुमचा शेवटचा घास त्यांच्याबरोबर होईल. त्यांना एकट्याला मागं बसवून उठणं फार वाईट दिसतं.

गोदाकाठ_परभणी
वरचं सगळं बरोबर. पत्रावळीचं राहिलं ते सांगते.

पळसाच्या पानांची काड्यांनी टाचलेली पत्रावळ असेल तर पाण्याचे दोन-चार थेंब शिंपडून तळहातानं पुसून घ्या. धूळ जाते आणि वाळलेलं पान थोडं नरम पडतं, मग घास घेताना कुरकुरून फाटत नाही. पुसतानाच काड्या बोटानं चाचपून बघा. निघालेली काडी भातात गेली तर घशात टोचते, लहान मुलांच्या पानाची तर नक्की तपासा. मेच्या वाऱ्यात रिकामी पत्रावळ उडते, म्हणून वाढेपर्यंत एका कोपऱ्यावर पाण्याचा ग्लास ठेवायचा. द्रोणाचं बूड सपाट नसतं. तो पानाच्या कडेला ठेवला तर कलंडतो, भात आणि भाजीच्या मधल्या खोबणीत बसवा.

यजमान थर्माकोलच्या ताटल्या आणणार असतील तर थांबवा. महाराष्ट्रात २०१८ पासून त्यांच्यावर बंदी आहे, शिवाय गरम वरण त्यात घेणं चांगलं नाही.

पाणी मात्र मनावर घेऊन लिहा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि मेमध्ये आपल्याकडच्या किती गावांत टँकर असतो हे पुण्याच्या माणसाला माहीत नसतं. मांडवातलं पाणीसुद्धा बहुतेक विकतच्या जारचं असतं. ग्लास निम्माच भरून घ्यायचा, लागलं तर परत मागायचं. बाटली असेल तर झाकणावर पेननं खूण करून ती जवळ ठेवायची, दोन घोट पिऊन मांडवात सोडायची नाही. हात धुवायला ड्रमवर जो माणूस तांब्यानं पाणी घालतो, त्याच्यापुढं आधी हातातलं खरकटं झटकून जा, म्हणजे एका तांब्यात दोघांचे हात निघतात. पानातच हात धुवायचा नाही, उचलणाऱ्याच्या अंगावर ते पाणी सांडतं.

मांजराकाठ
फार उपयोगाचं आहे, दोघांचेही आभार. दोन शंका आहेत. वाढप्याला नको म्हणणं समजलं, पण व्याही स्वतः आग्रह करायला आले तर? आणि लग्न लागायला दोन-अडीच वाजले तर जेवण नेमकं कधी मिळेल याचा भरवसा नाही, शुगरवाले तीन-चार जण आहेत.

येसर_आमटी
आग्रहाची फेरी वेगळी असते, ती ओळखायला शिकवा. यजमान, त्यांचे भाऊ किंवा मामा मंडळी बुंदीचं ताट नाहीतर तुपाचं भांडं हातात घेऊन एकेकाशी दोन शब्द बोलत येतात. ती वाढप्याची फेरी नाही, मानाची आहे. तिथं तोंडावर नको म्हटलं की माणूस हिरमुसतो. म्हणून पहिल्या फेरीला बुंदी चमचाभरच घ्यायची, पानात जागा ठेवायची, आणि आग्रहाला आले की चार दाणे घेऊन ‘तुमच्या हातचं घेतलं’ म्हणायचं. काम झालं. शुगर असेल तर ‘गोड चालत नाही, एक भजं द्या’ म्हणा. काहीतरी मागितलं की आग्रह करणाऱ्याचाही मान राहतो आणि पानही खराब होत नाही. तरीही कुणी जबरदस्तीनं वाढलंच तर ते हात न लावता पानाच्या कडेला राहू द्या. मित्राच्या पानात ढकलू नका, तुमच्या पानातलं ते उष्टंच.

चवीबद्दल पंगतीत बोलायचं नाही. मीठ कमी असेल तर मीठ मागा, ‘भाजी अळणी आहे’ म्हणू नका. आचारी चार हातांवर उभा असतो, आणि ते वाक्य तिखटमीठ लावून मुलीच्या वडिलांपर्यंत पोचतं. वऱ्हाडातून आलेल्या शब्दाला त्या दिवशी दहापट वजन असतं. हे तुमच्या तरुण मंडळींना आवर्जून सांगा, त्यांच्या तोंडून सहज निघतं आणि मुलीकडच्यांना ते वर्षानुवर्षं टोचत राहतं.

येसर आमटी असेल तर पहिल्यांदा अर्धीच पळी घ्या. भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले एकत्र दळून येसर करतात. रंगावरून तिखटाचा अंदाज येत नाही, आणि ती निवली की घट्ट होते, द्रोणात उरली तर मग जात नाही.

विहिणीची पंगत वेगळी मांडतात. पानांभोवती रांगोळी असते, नाव घेतल्याशिवाय घास नाही. तिथं बघायला, फोटो काढायला उभं राहायचं ते पानांपासून दोन हात लांब. जेवणाऱ्याच्या तोंडावर मोबाइल धरू नये, हे कुठल्याही पंगतीत.

बायकांची पंगत पुरुषांच्या मागून बसवायची पद्धत अजून बऱ्याच गावांत आहे. ती मोडायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, आणि ते अवघडही नाही. चार ओळी असतील तर दोन बायकांच्या, दोन पुरुषांच्या, एकाच वेळी. वऱ्हाडाकडून ही विनंती आदल्या दिवशी गेली तर मुलीकडचे सहसा मोडत नाहीत.

तीन-चार वर्षांच्या मुलाला वेगळं पान मांडू नका. आईच्या पानात त्याचं होतं. त्याच्या पानावरचा भात जवळजवळ सगळा टाकला जातो.

माणसं मोजून न्या, हेही लिहा. चूलबंद आवतण असेल तर घरातले सगळे. एकट्याचं आवतण असेल तर एकटा. लाउडस्पीकरवर ‘सर्वांनी जेवण करूनच जावे’ अशी विनंती होते ती मांडवात आलेल्यांना असते, पुण्याहून गाडीत जागा आहे म्हणून आणखी चार मित्र न्यायला नव्हे.

कढईवाला_जालना
शुगरवाल्यांचं: मुहूर्त १२ चा असला तरी जेवण ३ ला मिळेल असं धरून चाला. जवळ फुटाणे, शेंगदाणे आणि दोन-चार बिस्किटं असू द्या. जेवणाआधीचं इन्शुलिन घेणाऱ्यांनी घड्याळ बघून टोचू नये. अक्षता पडल्या म्हणजे जेवण आलं असं नाही, पहिल्या पंगतीत जागा मिळेलच असंही नाही. पान समोर वाढलेलं असताना घ्यावं. घाम, थरथर, चक्कर आली तर लगेच साखर किंवा गूळ द्या, रीत नंतर बघा. डोसचं आधी आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा. गरोदर बायका आणि म्हातारी माणसं यांना पहिल्या पंगतीत बसवायला कुणीच ना म्हणत नाही, फक्त सांगावं लागतं.

बुफेचं थोडक्यात. रांग ज्या बाजूनं ताटल्या ठेवल्यात तिकडूनच, मधे घुसायचं नाही. एकदा नजर टाकून सगळे पदार्थ बघून घ्या, मग ताटली भरा. रांगेत घाईघाईत सगळंच घेतलं की शेवटी आवडीचा पदार्थ येतो आणि ताटलीत जागा नसते, तिथून टाकणं सुरू. घेतलं की काउंटरपासून बाजूला व्हा. आपल्या ताटलीतला चमचा भांड्यात घालायचा नाही, आणि एका भाजीचा डाव दुसऱ्या भाजीत नाही, ज्याला कांदा-लसूण चालत नाही त्याची त्यात पंचाईत होते. टिश्यू, प्लॅस्टिकचे चमचे उरलेल्या अन्नाच्या ड्रममध्ये टाकू नका. ते अन्न बऱ्याचदा जनावरांपुढं जातं आणि प्लॅस्टिक त्यांच्या पोटात अडकतं.

उन्हाळ्याचं मात्र गांभीर्यानं घ्या. मेमध्ये मांडवात ४० अंशांच्या वर असतं. शिजवलेलं अन्न ६० अंशांच्या खाली आलं की त्यात जंतू वाढायला लागतात, आणि एरवी जे दोन तास टिकतं ते एवढ्या उन्हात तासाभरापलीकडं धरू नये. शिजवलेला भात, पनीर, खवा, बासुंदी, मठ्ठा, या पाच गोष्टींवर लक्ष ठेवा. मठ्ठ्याला फेस येऊन आंबूस वास आला, बासुंदी काठाला फाटल्यासारखी दिसली, तर घेऊ नका आणि यजमानांपैकी एकाला बाजूला बोलावून हळूच सांगा. मांडवात ओरडू नका, पण गप्पही बसू नका, अजून चारशे माणूस जेवायचं असतं. भात परत गरम केला तरी त्यातलं विष जात नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. परतीच्या बसमध्ये डब्यात भात, पनीर, दुधाची मिठाई बांधून घेऊ नका. बुंदी, शेव असलं कोरडं न्या.

नवखा_पाहुणा
धागा वाचतोय, मधेच विचारतो. त्याच आठवड्यात संभाजीनगरलाच मित्राच्या वलीम्याची (निकाहनंतरच्या मेजवानीची) दावत आहे. दस्तरखानावर बसायचं आहे. तिथं काय वेगळं?

खामकाठ
बसणं पंगतीसारखंच, पण दस्तरखान म्हणजे अंथरलेलं कापड हेच तिथलं पान. त्याच्यावर पाय पडू द्यायचा नाही, ओलांडायचं नाही. बसण्याआधी हात धुवायचे. वडीलधारे ‘बिस्मिल्लाह’ म्हणून सुरुवात करतात, तोवर थांबा. नान-खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) असेल तर नान दस्तरखानावर ठेवलेला असतो. तो मोठा असतो, अख्खा एकट्यानं ओढून घेऊ नका. आपल्याला लागेल तेवढा तोडा, बाकी शेजाऱ्याला. मोठ्या ताटात चार जण एकत्र जेवत असाल तर आपल्या समोरच्या बाजूनंच घ्या, मधला तुकडा उचलायचा नाही, समोरच्याच्या बाजूला हात न्यायचा नाही. हाडं ताटात परत टाकायची नाहीत, वेगळी बशी असते.

एक फरक लक्षात ठेवा. आपल्या पंगतीत उजवा हात खरकटा म्हणून डाव्या हातानं ग्लास उचलला तर चालतं. तिथं पाणीही उजव्या हातानंच पितात. हात खरकटा असेल तर ग्लास डाव्या हातानं धरायचा आणि उजव्या हाताचा मागचा भाग खाली टेकवायचा, म्हणजे ग्लास खराबही होत नाही.

शाकाहारी असाल तर मित्राला दोन दिवस आधी सांगा, वेगळी सोय करतात. दस्तरखानावर बसल्यावर सांगितलं तर यजमानाची धावपळ होते. माळकरी असाल आणि मांसाहाराच्या पंक्तीत बसणं चालत नसेल तर तेही आधीच मोकळेपणानं सांगा. कुणाला राग येत नाही.

गोदाकाठ_परभणी
मूळ प्रश्नातलं राहिलंय: पत्रावळ कुणी उचलायची. माझं म्हणणं, आपली आपण उचलावी. १५० पानं उचलायला चार पोरांना पाच-सहा मिनिटं लागतात, प्रत्येकानं आपलं उचललं तर जागा लगेच मोकळी.

वाढपी_केज
ताई, इथं थोडा मतभेद आहे. कितीतरी घरांत पाहुण्याला, त्यातून वऱ्हाडाला, पान उचलू देणं यजमानाला कमीपणाचं वाटतं. पाहुण्यानं उचललं की घरची माणसं हातातून ओढून घेतात आणि त्या ओढाओढीत उरलेला मठ्ठा सांडतो. शिवाय दीडशे जण भरली पानं घेऊन एकाच ड्रमकडं निघाले की वाटेत सगळीकडं खरकटं. म्हणून: शेजारच्या गावकऱ्यांकडं बघायचं. ते उचलत असतील तर उचला, नसतील तर राहू द्या. दोन्ही वेळेला द्रोणातलं उरलेलं पानात ओता, द्रोण मोडून वर ठेवा आणि पान बाहेरच्या बाजूनं आपल्याकडं दुमडा. घडी आपल्याकडं असली की ओलं आतच राहतं आणि उचलणाऱ्याला एका हातानं धरता येतं.

गोदाकाठ_परभणी
हे पटलं. फक्त ग्लास दुमडलेल्या पानात घालू नका म्हणावं. स्टीलचे असतील तर पत्रावळीबरोबर उकिरड्यावर जातात, नंतर मोजताना कमी भरतात आणि ते पैसे मुलीच्या बापाच्या खिशातून जातात. ग्लास पानाच्या उजवीकडं उभा सोडायचा.